सिलिंडरशेजारचे ११ लिटर

गाडीत सबवूफर, म्हणजे खालचे घुमणारे सूर (बेस) देणारा मोठा स्पीकर, थोडक्यात सब, बसवायचं डोक्यात आलं की माणूस आधी दुकान गाठतो. तिथे आठ इंचीपासून पंधरा इंचीपर्यंत सगळे मांडून ठेवलेले असतात. काउंटरमागचा पोरगा बारा इंचीवर हात ठेवतो, तयार पेटीसकट भाव सांगतो, आणि ती पेटी डिकीत गेल्यावर जागा उरते ती छत्रीपुरती. मी कामाला दुसऱ्या टोकाने हात घातला. आधी टेप घेऊन डिकीत शिरले, किती लिटर हवा कोंडता येईल ते काढलं, आणि सब कोणता घ्यायचा हे सगळ्यात शेवटी ठरवलं. ज्यांच्या गाडीत जागेची बोंब आहे त्यांनी तरी असंच करावं, हे माझं स्पष्ट मत.

माझ्या गाडीत ती बोंब जरा जास्तच. जुनी वॅगनआर, त्यात बाहेरून बसवलेलं सीएनजी किट. सिलिंडर ६० लिटरचा, मागच्या सीटला पाठ लावून डिकीत आडवा पडलेला. (६० लिटर हे पाण्याचं माप. गॅस आत २०० बार दाबाने भरतात आणि विकतात किलोवर.) त्याच्या स्टँडखाली स्टेपनी. ती भर रस्त्यात, पावसात, काहीही न उतरवता बाहेर यायला हवी. म्हणजे खाली काही ठेवायचं नाही. सिलिंडरच्या वर काही ठेवायचं नाही, हे तर सांगायलाच नको. सिलिंडरच्या उजव्या टोकाला व्हॉल्व्ह आहे आणि हाताने बंद करायची चावी आहे. तिथवर हात विनाअडथळा पोचायला हवा. व्हॉल्व्हभोवती प्लास्टिकची पिशवी असते आणि तिच्यातून नळ्या गाडीच्या खाली उतरतात. गळती झालीच तर गॅस आत न साठता बाहेर जावा म्हणून ती सोय. तिला धक्का लावायचा नाही. शिवाय दर तीन वर्षांनी सिलिंडर उतरवून हायड्रो टेस्टला (पाण्याच्या दाबाखालच्या तपासणीला) द्यावा लागतो, तेव्हा फिटरच्या वाटेत आपली कलाकुसर येता कामा नये.

एवढं सगळं वजा केल्यावर हाती लागला तो डावा कोपरा. मागच्या चाकाची कमान संपते तिथून टेललाइटपर्यंतचा खळगा, वर काचेच्या पातळीपर्यंत. आम्ही त्यात आजवर गाडी पुसायचं फडकं आणि अर्धी संपलेली कूलंटची बाटली ठेवत होतो.

आता हा उपद्व्याप कशासाठी, ते सांगते. आमचे बाबा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. गणपतीत, सप्ताहात त्यांची ने-आण माझ्याकडे, आणि गाडीत जाता-येता कुणी ना कुणी पाठवलेली भजनाच्या बारीची रेकॉर्डिंग लावायची हाही नेम. दारातले स्पीकर उजव्या पुडीचा ‘ता’ खणखणीत देतात. डाव्या पुडीचा ‘घे’ मात्र येतच नाही. टोक ऐकू येतं, घुमारा नाही. बाबा एकदा म्हणाले, “तुझ्या गाडीत पखवाज एका हाताने वाजवतात गो.” मी कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये काम करते. रेझोनन्स ट्यूब आणि ट्युनिंग फोर्क रोज पोरांच्या हातात देते. हे वाक्य मला लागलं.

पखवाज ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांना सबचं निम्मं शास्त्र आधीच ठाऊक आहे. वाजवायला बसण्याआधी डाव्या पुडीवर ओली कणीक थापतात. पुडीचं वजन वाढतं, ती सावकाश हलते, सूर खाली उतरतो. बाबा चिमूटभर काढतात, चिमूटभर लावतात, पुन्हा थाप मारून बघतात. सबचा कोन, म्हणजे पुढे-मागे हलणारा त्याचा शंकू, तसाच. कोन जड आणि त्याची कड सैल, तर तो मोकळ्या हवेत खालच्या सुरात डोलतो. त्या सुराला कागदावर एफएस म्हणतात आणि तो हर्ट्झमध्ये देतात. पण हाच सब बंद पेटीत बसवला की पेटीतली कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी मागून रेटते, आणि सूर वर चढतो. पेटी जितकी लहान, तितका स्प्रिंग ताठ आणि सूर वर.

हवेचा हा स्प्रिंग मुद्दाम वापरायची कल्पना अमेरिकेत एडगर व्हिलचर यांची. त्यांनी हेन्री क्लॉस यांच्यासोबत १९५४ साली अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली आणि छोट्या बंद पेटीतून खोल बेस काढून दाखवला. तोवर खालचे सूर हवेत तर कपाटाएवढी खोकी लागायची. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात हे सगळं गणितात बसवलं. म्हणून सबच्या कागदावर जे आकडे छापलेले असतात त्यांना थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात. दुकानदार वॅट सांगतो, आपण हा कागद मागायचा. कागद नसेल तर तो सब घ्यायचा नाही, मग वर कितीही सोनेरी जाळी असो.

त्या कागदावरचे तीनच आकडे बंद पेटीला लागतात. एफएस वर सांगितलाच. व्हीएएस म्हणजे किती लिटर हवेचा स्प्रिंग त्या सबच्या स्वतःच्या सस्पेन्शनइतका ताठ आहे, ते माप. आणि क्यूटीएस म्हणजे कोन एकदा हलला की किती लवकर आवरतो, त्याचं मोजमाप. हिशोब असा: व्हीएएसला पेटीच्या लिटरने भागायचं, त्यात एक मिळवायचा, वर्गमूळ काढायचं. जो आकडा येईल त्याने एफएसला गुणलं की पेटीतला नवा सूर मिळतो, आणि क्यूटीएसला गुणलं की पेटीतला क्यू मिळतो, ज्याला क्यूटीसी म्हणतात. तो ०.७ च्या आसपास आला तर आवाज सरळ आणि आवरलेला. ०.९ च्या पुढे गेला की एकाच सुरावर फुगायला लागतो. सगळी गाणी ‘ढुम्म ढुम्म’ अशी एकाच सुरात बडवणाऱ्या गाड्या सिग्नलला शेजारी येतात ना, त्यातल्या बऱ्याच इथेच फसलेल्या असतात.

पुठ्ठे कापून, कोपऱ्यात बसवून, कागदी टेपने जोडून मी अंदाज काढला. साधारण ११ लिटर. त्या आकड्यावर मग सब तपासले. एका आठ इंचीचा एफएस ३६, व्हीएएस १५ लिटर, क्यूटीएस ०.४८. पंधराला अकराने भागून १.३६, एक मिळवून २.३६, वर्गमूळ १.५४. पेटीतला सूर ५५ हर्ट्झ, क्यूटीसी ०.७४. आता याच पेटीत दहा इंची घालून बघा. एफएस ३०, व्हीएएस ३०, क्यूटीएस ०.५५ असा एक होता. मोकळ्या हवेत तो आठ इंचीपेक्षा खाली जातो. पण ११ लिटरमध्ये कोंडल्यावर सूर येतो ५८, आणि क्यूटीसी १.०६. म्हणजे पैसे जास्त, वजन जास्त, आणि बेस आठ इंचीपेक्षा वरचा नि फुगलेला. ‘मोठा सब म्हणजे खोल बेस’ हे वाक्य मोठ्या पेटीशिवाय खोटं आहे, हे त्या दोन ओळींच्या गणिताने मला पटलं. दुकानातल्या पोराला मी ते बिलाच्या मागे लिहून दाखवलं. त्याने विनम्रपणे ऐकून घेतलं आणि मागच्या गिऱ्हाइकाला बारा इंची दिला.

५५ हर्ट्झ हे खोल नाही, असं कुणी म्हणेल. हॉलमध्ये नाहीच. पण गाडी हॉल नव्हे. काचा लावलेल्या गाडीच्या पोटात, जिथे लाटेची अर्धी लांबी गाडीच्या आतल्या लांबीपेक्षा मोठी होते, तिथून खाली लाट मावतच नाही. कोन पुढे-मागे हलतो तशी सबंध केबिनची हवा एकत्र दाबली आणि सैल केली जाते, आणि दाब वाढत जातो. आतली लांबी सव्वादोन मीटर धरली तर हा बदल ७५ हर्ट्झच्या सुमाराला सुरू होतो. त्याच्याखाली दर सप्तकाला कागदोपत्री १२ डेसिबल मिळतात. आणि बंद पेटी आपल्या सुराखाली पडते तीही सप्तकाला १२ डेसिबलनेच! एकाने काढलेलं दुसरा भरून देतो. प्रत्यक्षात दारांच्या फटी, पातळ पत्रा, रबरं यांतून गळती होते, म्हणून पुरते १२ काही मिळत नाहीत. तरी मिळतात ते पुष्कळ. लहान गाडीत लहान बंद पेटी हा गरिबीचा इलाज नाही. ती तिची रास्त जागा आहे.

पोर्टवाली, म्हणजे हवा आत-बाहेर जायला पाइप बसवलेली पेटी का नाही, हे दोघांनी विचारलं. ११ लिटरची पेटी ३५ हर्ट्झला लावायची तर ५ सेंटिमीटर व्यासाचा पाइप सुमारे ४० सेंटिमीटर लांब लागतो. एवढा पाइप त्या कोपऱ्यात वाकवून घालायचा, तो स्वतःच लिटरभर जागा खाणार, आणि जोरात वाजवलं की तोंडातून फुसफुसणार. विषय संपला.

राहिला प्रश्न पेटी कशाची. सुताराने पहिल्याच फटक्यात १८ मिलिमीटर एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची) चौकोनी पेटी सुचवली. बाहेरून ३०, २५, २० सेंटिमीटर, म्हणजे १५ लिटर. आतून मोजा. प्रत्येक दिशेला ३.६ सेंटिमीटर जातात, उरतात ९.३ लिटर. जवळजवळ ४० टक्के जागा लाकडानेच खाल्ली. मोठ्या पेटीत हे जाणवत नाही, लहान पेटीत जीव जातो. वर ती चौकोनी, माझा कोपरा सगळा बाकदार, म्हणजे मागे पुन्हा रिकामी पोकळी. आणि एमडीएफ आमच्या कोकणात! एका पावसाळ्यात त्याचा भिजलेला पाव होतो. म्हणून समोरची फळी फक्त प्लायची, तीही आयएस ७१० छाप असलेली मरीन, आणि बाकी सगळं फायबर, म्हणजे काचेच्या धाग्यांची मॅट आणि तिला घट्ट करणारं रेझिन.

फायबरसाठी रत्नागिरीत लांब जावं लागत नाही. मिरकरवाडा बंदरावर लाकडी होड्यांच्या जागी फायबरच्या होड्या येऊन बराच काळ लोटला. त्यांची डागडुजी करणारे कारागीर तिथेच असतात. एका चाचांना मी गाठलं. त्यांनी पुठ्ठ्याचा साचा उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, “ताई, हे काय बनवायचंय? होडी की बादली?” मग स्वतःच म्हणाले, “जे काय आहे ते मेच्या आत उरका. एकदा हवेत पाणी आलं की रेझिन चिकट राहतं.” १ जूनपासून मासेमारी बंद होते, होड्या वर ओढल्या जातात, आणि चाचांना माझ्या बादलीकडे बघायला सवड नसते. एप्रिलचा शेवट ठरला.

त्यांच्याकडून जे शिकले ते कुठल्याही व्हिडिओत इतकं नीट बघायला मिळालं नाही. पॉलिस्टर रेझिनमध्ये आधी कोबाल्ट घालतात, तो जांभळा पातळ द्रव, आणि ते पूर्ण ढवळून झाल्यावरच हार्डनर. या दोन बाटल्या एकमेकींच्या जवळसुद्धा ठेवायच्या नाहीत. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र आले तर भडका उडतो, स्फोट होऊ शकतो. चाचांकडे एक बाटली खोपटाच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला, आणि पोरांना सक्त ताकीद की दोन्ही एका हाताने आणायच्या नाहीत. आता बऱ्याच ठिकाणी कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन मिळतं. नवख्यांनी तेच घ्यावं. हार्डनरचं प्रमाण एक ते दोन टक्के. एप्रिलच्या उन्हात एक टक्का पुरे, म्हणजे किलोला दहा ग्रॅम. हात सैल सोडला की रेझिन मगमध्येच तापतं, धुरकटतं आणि मगसकट दगड होतं.

डिकीची तयारी हा कामाचा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. सिलिंडर जाड ताडपत्रीने पूर्ण झाकला. त्याआधी चावी बंद केली आणि पाइपात उरलेला गॅस इंजिन चालवून संपवला. रेझिनच्या वाफेत स्टायरिन असतं, ते पेट घेणारं. म्हणून गाडी उघड्यावर, पाचही दारं उघडी, बॅटरीची मायनस काढलेली, तोंडाला वाफेचा मास्क. कोपऱ्यातली प्लास्टिकची आतली बाजू काढली आणि पत्र्यावर कागदी टेप आडवी-उभी अशी तीन थरांत लावली. त्यावर स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल, आणि तिच्यावर मेणाचं पॉलिश. याच कोपऱ्यात बंपरच्या मागे रबरी पडद्यांची एक जाळी असते, केबिनमधली हवा बाहेर सोडणारी. ती झाकली तर दार लावताना कान दडपतात आणि पावसाळ्यात काचा धुरकटतात. म्हणून तिच्यापुढे थर्माकोलचा तुकडा लावून दोन बोटांची फट राखली. टेललाइटचा बल्ब कुठून बदलतात हेही याच वेळी बघून ठेवलेलं बरं.

चाचांनी मॅट कात्रीने कापू दिली नाही. “फाडा.” फाडलेल्या कडेचे धागे एकमेकांत मिसळतात, कापलेल्या कडेची रेघ उठते आणि तिथूनच पुढे तडा जातो. ४५० ग्रॅमची मॅट, तळहाताएवढे तुकडे. आधी रेझिनचा हात, वर मॅट, पुन्हा ब्रश टोचून टोचून रेझिन. पांढरी मॅट पारदर्शक झाली की पोटात गेली. जिथे पांढरट डोळा दिसतो तिथे हवा अडकलीय. ती खाचांच्या लोखंडी रोलरने कडेकडे हाकलायची. रोलर फिरताना बारीक ‘चिर्र चिर्र’ असा आवाज येतो आणि तो थांबला की थर बसला असं चाचा कानाने ओळखतात. गाडीत दोनच थर दिले. सुकल्यावर कवच बाहेर ओढलं. खळग्याचं तोंड आतल्या पोटापेक्षा अरुंद असेल तर ते कधीच निघणार नाही, म्हणून चाकाच्या कमानीकडची एक बगल मी आधीच पुठ्ठा भरून सरळ करून घेतली होती. त्यात पाऊण लिटर गेलं, गेलं तर गेलं. बाहेर काढल्यावर चाचांच्या खोपटात आणखी चार थर चढवले. एका थराचा साधारण एक मिलिमीटर होतो, म्हणजे भिंत सहा मिलिमीटरची. मुठीने वाजवून बघितली तर ‘टण्ण’ न येता ‘ठक्’ येतो. सपाट भाग कमी आणि बाक जास्त असल्यामुळे ती पातळ असूनही ताठ राहते.

समोरच्या फळीचं तोंड मी किंचित वर, मागच्या काचेकडे वळवलं. फळी आणि कवच यांच्यामधली वाकडीतिकडी फट भरायला हॉजिअरीचं कापड ताणून स्टेपल केलं, रेझिनने भिजवलं आणि आतून मॅट दिली. बनियनच्या कापडाइतकं सोशिक कापड दुसरं नाही, हवं तिकडे ताणतं आणि सुरकुती धरत नाही.

मग माप. गोलाकार, बाकदार पेटीचं घनफळ सूत्राने काढायच्या भानगडीत कोण पडतो! पेटी फायबरची, पाण्याला घाबरत नाही. सबच्या भोकातून लिटरच्या मापाने पाणी ओतायला घेतलं. चाचांचा मुलगा पोट धरून हसायला लागला. त्याच्या उभ्या आयुष्यात फायबर हे पाणी आत येऊ नये म्हणून लावलं जात होतं. बारा मापं पूर्ण गेली. त्यातून सबच्या पाठीचा चुंबक आणि सांगाडा लिटरभर जागा घेणार. ११ उरले. गळती कुठेही नव्हती. पाण्याने सांगितलंच, तरी हवेसाठी वेगळी परीक्षा घेतली. सब बसवून, पेटी बाहेर अंगणात ठेवून, कोन हलक्या हाताने आत दाबला आणि सोडला. तो सावकाश परत आला तर पेटी बंद आहे. फट असेल तर झटक्यात परत येतो. सांध्यांवरून उदबत्तीचा धूर फिरवूनही बघता येतं, पण तेही अंगणातच. सीएनजीच्या गाडीत उदबत्ती देवाचीसुद्धा नको.

आत उशीत भरतात तो पॉलिस्टरचा कापूस, पिंजून, सैल भरला. हवा दाबली की तापते आणि तापली की आणखी ताठ होते. कापूस ती उष्णता शोषून घेतो, त्यामुळे सबला पेटी आहे त्यापेक्षा थोडी मोठी भासते. ठासून भरला तर उलट होतं, कारण मग कापूसच जागा खातो.

वायरिंगबद्दल थोडक्यात, पण कान देऊन ऐका. अँप (अँप्लिफायर) डिकीत लावला नाही, चालकाच्या सीटखाली लावला. मागे फक्त स्पीकरची वायर जाते. बॅटरीची मुख्य वायर ८ गेजची, शुद्ध तांब्याची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर त्याच जाडीची आणि निम्म्या भावाची मिळते. टोक ब्लेडने खरवडलं की आतून पांढरी निघते. बॅटरीपासून वीतभर अंतरावर ३० अँपिअरचा फ्यूज. हा फ्यूज अँपसाठी नसून वायरसाठी असतो. कुठे सोलून पत्र्याला टेकली तर गाडी पेटू नये म्हणून. १५० वॉटच्या क्लास डी अँपला १४-१५ अँपिअर पुरतात, गाडीच्या आल्टरनेटरला त्याचं काही वाटत नाही. वायर दाराच्या कडेने आतून नेली, गॅसची नळी गाडीच्या खालून जाते तिच्या जवळपासही नाही. सिलिंडरच्या स्टँडला अर्थिंगची वायर जोडणारे महाभाग मी पाहिलेत. तसं करू नका.

लावून झाल्यावर पहिले दोन दिवस सब ऐकूच आला नाही, ऐकू आली ती गाडी. नंबरप्लेट थरथरत होती, डिकीच्या दाराचं आतलं प्लास्टिक कुरकुरत होतं, छताच्या दिव्याचं झाकण, सीटबेल्टचं बक्कल, सगळे साथीला बसलेले. मोबाइलवर ८० हर्ट्झपासून २० पर्यंत हळूहळू उतरणारा सूर लावायचा, एकाने डिकीत डोकं घालायचं आणि जे वाजेल त्यावर हात ठेवायचा. नंबरप्लेटच्या मागे फोमची टेप, प्लास्टिकच्या खुंट्यांखाली फेल्ट. हे काम बाबांनी केलं. पखवाजाची वादी कुठे सैल पडलीय हे बोटाने शोधणाऱ्या माणसाला दाराचं प्लास्टिक काय अवघड! अँपवर ८० हर्ट्झच्या वरचं सबला द्यायचं बंद केलं, आणि प्लस-मायनसची अदलाबदल करून दोन्ही बाजूंनी ऐकलं. ज्या जोडणीत ‘घे’ समोरून, डॅशबोर्डमधून आल्यासारखा वाटला ती ठेवली. माझ्या गाडीत ती उलटी जोडणी निघाली.

बाबा आता गाडीत रेकॉर्डिंग ऐकतात आणि वाजवणाऱ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या काढतात. “ह्याने कणीक जास्त घेतलीय, सूर बसलाय बघ.” परवा स्वतःचीच एक जुनी बारी लागली, तेव्हा मात्र खिडकीबाहेर बघत राहिले आणि मग म्हणाले की माइक चुकीच्या जागी लावला असणार.

एक सोय सांगायची राहिली. पेटी पत्र्याला कायमची चिकटवलेली नाही. गाडीत आधीपासून असलेल्या दोन भोकांत नटसर्ट (पत्र्यात पक्के बसणारे नट) बसवून दोन बोल्टवर ती उभी आहे, आणि स्पीकरच्या वायरला मध्ये ओढून सुटणारा कनेक्टर आहे. पुढच्या हायड्रो टेस्टला फिटरने दहाचा पाना लावला की पेटी हातात येईल. फिटरला मी ते आधीच दाखवून ठेवलंय. त्याने आत वाकून बघितलं आणि उजव्या बाजूलाही असाच एक बसवून देता का, म्हणून विचारलं. उजवीकडे व्हॉल्व्ह आहे, हे मी त्याला सांगायचं का त्याने मला?